मधली रेघ माझ्या बाजूला

"मॅडम, हात आपोआप डावीकडेच वळेल माझा. आणि मागच्या सीटवर पोरगा असेल."

अमळनेरहून जळगावला माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या ताईंचं हे पहिलंच वाक्य. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) नवऱ्याची नोकरी अमेरिकेत, दोन महिन्यांनी निघायचं. तिथे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवायची. बारा वर्षं गाडी चालवतात, धुळ्याचा रस्ता पाठ. तरी रात्री स्वप्नात समोरून ट्रक यायचा आणि दचकून जाग यायची. सासूबाई म्हणायच्या, "कसाले घाबरस, बेटा?" नवरा फोनवर म्हणायचा, "दोन दिवसांत सवय होते." दोघंही मायेनंच बोलायचे, पण त्यामुळे ताईंना भीती बोलून दाखवायचीच चोरी झाली होती.

परदेशी निघालेल्या बऱ्याच जणांच्या मनात ही धास्ती असते. "काही होत नाही" असं मी म्हटलं नाही, कारण चूक होऊ शकते. मी त्यांना स्वीडनबद्दल सांगितलं. ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे तो अख्खा देश डावीकडून उजवीकडे आला. सुरुवातीला अपघात वाढले नाहीत, उलट कमी झाले. सगळेच जपून चालवत होते. पुढे लोक सरावले आणि आकडे हळूहळू पूर्वीसारखे झाले.

ताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे पहिल्या दिवसापेक्षा विसाव्या दिवशी जपायचं?"

तिथून आमचं काम सुरू झालं. सवय घात करते ती भर रहदारीत नाही. तिथे पुढची गाडीच वाट दाखवते. रिकाम्या रस्त्यावर पहाटे निघताना, पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना, पार्किंगमधून वळताना जुना हात जागा होतो. अशा प्रत्येक वेळी थांबून म्हणायचं एक वाक्य आम्ही ठरवलं: "मधली रेघ माझ्या बाजूला." ड्रायव्हर इथेही रस्त्याच्या मध्याकडेच बसतो आणि तिथेही. उलटं झालेल्या जगात तेवढी एक गोष्ट जागेवर राहते, म्हणून मला ते वाक्य फार मोलाचं वाटतं.

ओट्यावर रांगोळीनं चौक काढून मुलाच्या खेळण्यातल्या गाडीनं ताई रोज वळणं घ्यायच्या. उजवं वळण छोटं, डावं लांबचं. गोल चौकात घड्याळाच्या उलट फिरायचं, डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर यांचा क्रम तोच असतो हे कळल्यावर त्यांचे खांदे सैल पडलेले मला दिसले. इंडिकेटर मात्र तिथे डाव्या हाताला. आपल्या सवयीनं वायपर सुरू होतो, तेव्हा घाबरून जायचं नाही. पायी रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायचं, हे मुलालाही शिकवायला लावलं. आरटीओतून वर्षभराचा आंतरराष्ट्रीय परवाना काढून झाला. तो मूळ लायसन्ससोबतच चालतो, आणि कायम राहायचं तर त्या राज्याचं लायसन्स लागतंच. तिथे पहिले काही तास शिकवणाऱ्यासोबतच चालवायचं, हेही ठरलं.

स्वप्नं पूर्ण थांबली नाहीत. ती आल्यावर उठून त्या वाक्य म्हणायच्या आणि पुन्हा झोपायच्या.

गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्यांचा मेसेज आला. डॅशबोर्डवर चिकटवलेल्या चिठ्ठीचा फोटो, खाली लिहिलेलं: "आता भीती वाटत नाही मॅडम. चिठ्ठी काढू का?"

मी लिहिलं, "ताई, इतक्यात नको. आत्ताच तर हात सरावायला लागलाय."