वाचकांचे प्रश्न : महामंदीतली सरकारी ‘कमवा आणि शिका’

प्रश्न : १९३०च्या दशकातल्या मंदीत अमेरिकी सरकारने तरुणांसाठी सीसीसी (सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर) आणि एनवायए अशा दोन योजना काढल्या. दोन्हींत फरक काय? विद्यार्थ्यांना मिळे ती शिष्यवृत्तीच ना?

उत्तर : नाही, ती तासांवर मोजलेली मजुरी होती. ‘नॅशनल यूथ अॅडमिनिस्ट्रेशन’ (एनवायए) राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आदेशाने जून १९३५मध्ये सुरू झाली. हायस्कूलच्या मुलाला महिन्याला फार तर ६ डॉलर मिळत, कॉलेजात साधारण १५. पैसा वॉशिंग्टनचा; पण मुले निवडायची, काम नेमून द्यायचे आणि तास मांडायचे ते कॉलेजने. विद्यार्थी खरोखर गरजू हवा, नेहमीच्या अभ्यासक्रमाचा निदान तीन-चतुर्थांश भाग त्याने घेतलेला हवा आणि निकालही बरा हवा. ड्यूक विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या रिचर्ड निक्सन यांना याच योजनेत तासाला ३५ सेंट मिळत. या दराने १५ डॉलरसाठी महिन्याला सुमारे ४३ तास, म्हणजे आठवड्याला दहा-अकरा. अभ्यास सांभाळून एवढे जमते. गोची व्हायची ती कामाच्या दर्जात. प्रयोगशाळेत किंवा ग्रंथालयात लागलेला काही शिकायचा. कामाची आखणीच नसेल तिथे नुसते तास भरले जात.

शाळा सुटलेल्या बेकार तरुणांसाठी एनवायएचा वेगळा विभाग होता. मुलींना तिथेही प्रवेश होता, सीसीसीत मात्र नव्हता.

सीसीसी १९३३ची, आणि ती छावणीतली. सुरुवातीला १८ ते २५ वयाचे, अविवाहित, बेकार तरुण सहा-सहा महिन्यांच्या मुदतीने घेत. निवड कामगार खात्याची, छावणी लष्कराची, आणि झाडे लावणे, रस्ते काढणे, वणवे विझवणे यांवर देखरेख मुख्यतः वन व उद्यान विभागांची. महिना ३० डॉलर. त्यातले साधारण २५ थेट घरी जात. राहणे-जेवण फुकट असल्याने उरलेल्या पाचात पोराचे भागे. आमच्या मते या योजनेतली सगळ्यात शहाणी तरतूद हीच : एका भरतीत अख्ख्या घराला हातभार.

प्रश्न : कृष्णवर्णीय तरुणांना समान वाटा मिळाला का?

उत्तर : सीसीसीत नाही. कायद्यात वंशभेदाला मनाई असूनही छावण्या बहुतांशी वेगळ्याच ठेवल्या गेल्या. एनवायएत कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ मेरी मॅक्लिओड बेथ्यून यांच्याकडे कृष्णवर्णीयांसाठीचा स्वतंत्र विभाग होता. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी वेगळा निधीही होता.

प्रश्न : मग योजना बंद का पडल्या?

उत्तर : दुसऱ्या महायुद्धामुळे कारखान्यांना माणसे कमी पडू लागली. एनवायएने शेवटी युद्धसामग्रीच्या कारखान्यांसाठी कामगार घडवले. पण काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) १९४२मध्ये सीसीसीचा आणि १९४३मध्ये एनवायएचा निधी थांबवला.