पलंग नंतर घ्या, आधी येणाऱ्या मुलाच्या आईला जागा करा

ताई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. लग्नाला अकरा वर्षं, नऊ वर्षांची लेक, घरात सासूबाई, नरेंद्र नगरात दोन खोल्यांचा फ्लॅट. प्रतिपालक (फॉस्टर पालक), म्हणजे दुसऱ्याचं मूल काही काळ घरी सांभाळणारे, व्हायचा अर्ज दिलाय, मे महिन्यात अधिकारी घरी भेट द्यायला येणार आहेत, आणि अर्ज दिल्यापासून घरात रोज खटके उडून राहिलेत. सासूबाई म्हणतात घ्यायचं तर दत्तक घ्या. मिस्टर म्हणतात मूल तर येऊ द्या, मग बघू. लेक विचारते, ती माझ्या खोलीत किती दिवस राहणार? आणि तुम्ही गुलाबी पलंग बुक करून बसल्या आहात. तयारी नेमकी काय करायची, हा तुमचा प्रश्न.

पलंगाची ऑर्डर थांबवता येत असेल तर थांबवा. मुलगा येईल की मुलगी, सहा वर्षांचं की तेरा वर्षांचं, हे तुम्हाला अजून माहीत नाही. गादी आणि एक रिकामं कपाट पुरतं.

आम्ही नागपुरातच, मानेवाड्याकडे राहतो. मी हिंगणा एमआयडीसीत नोकरीला, बायको शिक्षिका, मुलगा तेव्हा अकराचा, आई आमच्याजवळच. आमच्याकडे आठ वर्षांची एक मुलगी आली आणि अडीच वर्षं राहून गेली. तिचं नाव, शाळा, वस्ती काही लिहिणार नाही. बालन्याय कायद्याच्या कलम 74 नुसार अशा मुलांची ओळख उघड करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हे घरात आधीच सांगून ठेवा, कारण तुमच्या नणंदेच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर पहिल्याच संध्याकाळी फोटो चढणार आहे. आमच्या बहिणीने चढवला होता. रात्री साडेदहाला फोन करून काढायला लावला, ती आठ दिवस बोलली नाही.

आता सासूबाई. माझी आई म्हणाली होती, "घ्यायचं तर सरळ दत्तक घ्या ना. हे भाड्यानं पोट्टं आणल्यासारखं काय करून राहिले?" तेव्हा राग आला होता. आता वाटतं, तिच्या प्रश्नात खोट नव्हती. दत्तक आपल्या ओळखीचं आहे. 1853 मध्ये नागपूरचे राजे तिसरे रघूजी भोसले वारले, दत्तक न मानता डलहौसीने पुढच्या वर्षी राज्यच खालसा केलं. नागपूरच्या माणसाला दत्तकाचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. प्रतिपालकत्व मात्र कुणाच्या कानावर नसतं. मी आईला शेवटी असं सांगितलं: दत्तक म्हणजे मूल कायमचं आपलं, जुनं नातं कायद्याने संपलं. इथे मूल बालकल्याण समितीच्या आदेशाने येतं, ठरलेल्या मुदतीसाठी. मुदत वाढू शकते, पण आईबाप सावरले की ते आपल्या घरी जातं. आपलं काम तोवर सांभाळायचं.

आई म्हणाली, "म्हणजे माहेरपणाला आल्यासारखं." अगदी तसं नाही, पण मी तिला दुरुस्त केलं नाही.

तुमच्या मिस्टरांना एक वेगळं सांगा. 2024 च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनुसार, मूल कायद्याने दत्तकासाठी मुक्त असेल तर दोन वर्षं सांभाळल्यावर त्याच घराला दत्तक घेता येतं. आधी ही अट पाच वर्षांची होती. हे खरं आहे. पण त्यावर डोळा ठेवून अर्ज दिला असेल तर आताच मागे घ्या आणि कारावर, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्रीय संस्थेकडे, दत्तकाची नोंदणी करा. ज्या मुलाची आई जिवंत आहे, येऊन भेटणार आहे, त्या मुलाकडे तुम्ही "मिळेल का" या नजरेने बघत राहाल, आणि मुलाला ती नजर कळते.

खरी तयारी इथेच आहे, आणि आमची इथेच झाली नव्हती.

मुलगी आल्यावर आठवडाभरात डोक्यात उवा दिसल्या. बायकोने औषध लावलं, रोज रात्री फणी फिरवली, शेवटी कंटाळून पार्लरमध्ये नेऊन केस मानेपर्यंत कापून आणले. मुलगी काही बोलली नाही. आम्हाला वाटलं, आवडले. महिन्याभराने समितीच्या परवानगीने तिच्या आईची भेट ठरली. बाई वेळेच्या तासभर आधी येऊन बसली होती. हातात प्लास्टिकची पिशवी, तीत खोबरेल तेलाची बाटली आणि दोन लाल रिबिनी. तिने मुलीला जवळ ओढलं, डोक्यावरून हात फिरवत खाली आणला आणि हात मानेपाशी थांबला.

"कोनं कापले जी?"

बायको म्हणाली, "मी." उवांचं काही सांगितलं नाही, सांगून उपयोग नव्हता. त्या माउलीने तळहातावर तेल घेतलं, होते तेवढ्या केसांना चोळलं, रिबिनी पुन्हा पिशवीत घातल्या. येताना गाडीत तिघंही गप्प. त्या रात्री मुलीने पहिल्यांदा ताट सरकवलं.

केस वाढायला वर्ष लागलं. नंतर आम्ही एका वहीत लिहून ठेवलं की कोणती गोष्ट विचारल्याशिवाय करायची नाही. केस कापणं, कान टोचणं, नावाचं लाडकं रूप पाडणं, "आई म्हण" असा आग्रह. माझी बायको तिला महिनाभर "मॅडम" होती, कारण बालगृहात सगळ्या मॅडमच. मग एक दिवस आपोआप मावशी झाली. आईला ते पटत नव्हतं, "पोट्टी आपल्या घरात जेवते अन् मावशी म्हणते?" पण त्या मुलीला आई होती. मावशीने आईची जागा अडत नाही, आईचा हात मोकळा राहतो.

दुसरी गोष्ट लिहायला जरा जड जाते. पहिल्या दिवशी मुलगी दारात उभी राहिली आणि माझ्या आईला हात जोडून म्हणाली, "जय भीम, आजी." आई "ये, ये" म्हणाली, पण संध्याकाळी मी पाहिलं, मुलीसाठी स्टीलचा वेगळा पेला निघाला होता. माझी आई वाईट बाई नाही. पण हे तिच्या हाताला इतकं सवयीचं होतं की तिला ते दिसतही नव्हतं. मी काही बोललो नाही, तो पेला माझ्या पाण्यासाठी घेतला आणि पुढे घेतच राहिलो. पंधरा दिवसांनी तो पुन्हा मांडणीवर गेला. ताई, तुमच्या घरात असा पेला कुठे आहे ते भेटीच्या आधी शोधा. मूल कोणत्या घरातून येईल हे तुम्ही निवडणार नाही, आणि कायद्याप्रमाणे त्याचा धर्म, रीत तुम्हाला बदलता येत नाही.

दसऱ्याला ती मुलगी दरवर्षी आईबरोबर दीक्षाभूमीला जायची. बाबासाहेबांनी 1956 मध्ये दसऱ्यालाच तिथे धम्मदीक्षा दिली, तेव्हा त्या दिवशीची गर्दी तुम्हाला सांगायला नको. मी तिला खांद्यावर बसवून नेलं. आठ वर्षांची मुलगी खांद्यावर घेऊन रांगेत उभं राहिलं की दुसऱ्या दिवशी मान वळत नाही. निघताना आई म्हणाली, "सोनं लुटायच्या वेळेपर्यंत या." आलो. मुलीने आजीला आपट्याची पानं दिली आणि वर पांढऱ्या कपड्यातल्या माणसांच्या गोष्टी सांगत बसली.

आता घरातल्या मुलाचं. आमच्या पोराने पहिल्याच बैठकीत विचारलं, "तान्ह्या पोळ्याला माझा लाकडी नंदी तिला द्यावा लागेल का?" आम्ही म्हटलं, नाही, तुझा नंदी तुझा, तिच्यासाठी वेगळा आणू. मोठ्या मनाचे धडे द्यायचा मोह आवरा. लेकीला स्पष्ट सांगा की कोणत्या चार गोष्टी फक्त तिच्या आहेत, आणि तिला "नको" म्हणायची मुभा द्या. खोलीबद्दल विचारते ते स्वार्थी नाही, बरोबर विचारते. उत्तर "माहीत नाही, कदाचित एक वर्ष, कदाचित जास्त" हेच द्या. मोठ्यांनाही तेच उत्तर मिळणार आहे.

पैशाचं थोडक्यात. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेखाली महिन्याला 4000 रुपये मिळण्याची तरतूद आहे. ते धरून घरखर्च मांडू नका. आणि शेजारीण राज्याच्या बालसंगोपन योजनेबद्दल सांगेल, ती वेगळी. त्यात मूल बहुधा आपल्याच आईजवळ किंवा नातेवाइकांजवळ असतं.

शाळेसाठी: आम्हाला एका शाळेने टीसीवरून परत पाठवलं होतं. शिक्षण हक्क कायद्यात टीसीला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, वयाप्रमाणे वर्ग मिळतो. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तेवढ्यात हे उरकून घ्या.

खटक्यांचं म्हणाल, तर होऊ द्या. अर्ज दिल्यावर तीन महिने आम्हीही भांडलो. मुलगा की मुलगी, वय किती, आजारी मूल चालेल का, वडील तुरुंगात असतील तर. बायको प्रत्येक प्रश्नाला हो म्हणायची, मी प्रत्येक वेळी "बघू". गृहभेटीला आलेल्या बाईंनी आम्हाला वेगवेगळं बसवून तेच विचारलं आणि उत्तरं जुळली नाहीत. मला वाटलं, गेलं. त्या म्हणाल्या, जुळणारी उत्तरं पाठ केलेली असतात, तुम्ही निदान खरं बोलताय. पण कशाला नाही म्हणणार ते आधी ठरवा. आम्ही लिहून दिलं: वयाने आमच्या मुलापेक्षा मोठं नको. तेवढं एकच. नाही म्हटल्याने अर्ज बुडत नाही. हो म्हणून आणलेलं मूल महिन्याभराने परत पाठवणं त्याहून फार वाईट.

त्यांनी आईलाही विचारलं, "आजी, मूल परत गेलं तर?" आई बराच वेळ पदराशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "त्याची आई आहे न. जाईल तर तिच्याकडेच जाईल." त्या बाईंनी ते लिहून घेतलं.

मुलगी गेल्या जूनमध्ये गेली. केस कमरेपर्यंत आले होते. दोन वेण्या, लाल रिबिनी, तिच्याच आईने घातल्या, आमच्याच सोफ्यावर बसून. महिन्यातून एकदा फोन येतो. माझी आई अजून विचारते, तेल लावते का रे?

तर मे महिन्यातल्या भेटीसाठी घर चकाचक करू नका, त्यांना घर रोजचंच बघायचं असतं. बाथरूमची कडी चालते का ते मात्र तपासा, आमची अडकली होती आणि बाई आतच राहिल्या. कूलरच्या टाकीत पाणी भरून ठेवा, दुपारी दोनची वेळ दिली तर. त्या बिचाऱ्या दोन बस बदलून येतात.