ग्राफाइट शीट लावताना

अरे, प्रोसेसरच्या चिपवर ग्राफाइट शीट चिकटवली तरी फोन तापतोच म्हणतोस ना? तापणारच, कारण शीट उष्णता गिळत नाही, पसरवते. आडव्या दिशेत उष्णता वाहून नेण्यात ती तांब्याला मागे टाकते: तांबं साधारण 400 वॅट प्रति मीटर-केल्विन, चांगली पातळ शीट 1500च्या वर. पण जाडीच्या दिशेत जेमतेम 10-20. म्हणून चिपएवढा चौकोन कापून काही उपयोग नाही. तुकडा मोठा घे, चिपच्या बाहेर थंड भागापर्यंत जाऊ दे.

चिप आणि फ्रेममध्ये फट असेल तर तिथे थर्मल पॅडच हवा, म्हणजे उष्णता वाहून नेणारा मऊ, जाडसर पॅड. शीट मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) मोजायची वस्तू, ती फट काय भरणार!

आणि हे मात्र नीट लक्षात ठेव: ग्राफाइटमधून वीज वाहते. कापलेल्या कडेला बोट फिरवून बघ, काळी चकचकीत पूड लागेल. तीच बोर्डावरच्या कपॅसिटरसारख्या बारीक भागांवर पडली की शॉर्ट. माझा एक बोर्ड असाच गेला, अजून हळहळ वाटते. धारदार ब्लेडने काप, कडा पातळ इन्सुलेशन टेपने झाक, अँटेनापासून लांब ठेव. घडी घालू नकोस, चीर पडते. जुनी शीट सोलताना फाटली तर सरळ नवी लाव.