पाऊस लागला की ब्रॉडबँड तुटतं

प्रश्न : शिवाजी पेठेतल्या आमच्या जुन्या घरात फोनच्या तारेवर ब्रॉडबँड आहे. पाऊस लागला की सारखं तुटतं, फोन वाजला तरी तुटतं. काय करावं? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : फोन वाजल्यावर तुटतं, म्हणजे बहुधा स्प्लिटर (फोनचा आवाज आणि ब्रॉडबँडचा सिग्नल वेगळे करणारी छोटी डबी) नाही किंवा चुकीच्या जागी आहे. लाइन घरात येते त्या पहिल्या डबीतच तो लावा आणि सगळे फोन त्याच्या ‘फोन’ बाजूने न्या. एकही फोन स्प्लिटरआधी जोडलेला नको.

पावसाचं दुखणं सांध्यात असतं. नुसती पिळून टेप गुंडाळलेली तार ओल धरते, तांबं हिरवं पडतं. असे सांधे काढून डबीपासून मोडेमपर्यंत ०.५ मिमीची, पीळ असलेली तांब्याची जोडी अखंड ओढा. चपटी वायर नकोच, ती आजूबाजूचा विजेचा गोंगाट ओढून घेते. माडीवर गेलेलं जुनं, वापरात नसलेलं एक्स्टेन्शनही डबीतून सोडवा. सिग्नल त्याच्या टोकावर आपटून परततो आणि मूळ सिग्नल बिघडवतो. विजेच्या वायरपासून फूटभर अंतर राखा.

खर्चाआधी एक चाचणी कराच. घरातली सगळी वायरिंग सोडवून मोडेम थेट पहिल्या डबीला लावा. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या मोडेमच्या सेटिंगच्या पानावर ‘एसएनआर मार्जिन’ (गोंगाटापेक्षा सिग्नल किती वरचढ आहे, त्यातली राखीव जागा) पाहा : ६ डेसिबलच्या खाली लाइन टिकत नाही, १० च्या वर निर्धास्त. तिथेही तुटत असेल तर दोष बाहेरच्या लाइनचा, तक्रार नोंदवा. उघड्या तारांना हात लावू नका, घंटीच्या वेळी चांगला झटका बसतो.