भगिनी शहरांचे पाहुणे : वाचकांचे प्रश्न

भगिनी शहरांच्या सांस्कृतिक देवाणघेवाणीविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : दोन देशांतील शहरे ‘भगिनी शहरे’ झाल्याची बातमी अधूनमधून वाचनात येते आणि पाठोपाठ नृत्याचे, चित्रांचे, संगीताचे कार्यक्रम होतात. हे नाते नेमके कशा स्वरूपाचे असते, आणि त्यात संस्कृतीलाच एवढे स्थान का? (एक निवृत्त वाचक)

उत्तर : हा दोन स्थानिक प्रशासनांमधील करार असतो. त्याला दोन राष्ट्रांमधील तहाचे वजन नसते, आणि शिक्षण, व्यापार व संस्कृती या क्षेत्रांत संबंध वाढवावेत एवढ्या सर्वसाधारण शब्दांपलीकडे तो सहसा कोणाला कशाने बांधत नाही. बंधन नसल्यामुळेच कार्यक्रमांना महत्त्व येते. ते झाले नाहीत, तर महापौरांच्या दालनातील चौकट आणि शहराच्या वेशीवरील पाटी एवढेच मागे उरते.

संस्कृतीला स्थान का, याचे उत्तर इतिहासात सापडते. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बवर्षावाने उद्ध्वस्त झालेल्या इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीच्या स्त्रियांनी वेढ्यातून आणि लढाईतून गेलेल्या रशियातील स्टालिनग्राडला एक टेबलक्लॉथ पाठवला. त्यावर 830 स्त्रियांची नावे दोऱ्याने भरलेली होती आणि नुसत्या मोठ्या सहानुभूतीपेक्षा थोडीशी मदत बरी, अशा अर्थाची एक ओळ विणलेली होती. सोबत वर्गणीचे पैसे होते. 1944 मध्ये ही दोन शहरे अधिकृतपणे जोडली गेली. पुढे 1959 मध्ये याच कॉव्हेंट्रीने जर्मनीतील ड्रेस्डेनशी नाते जोडले. एक शहर जर्मन विमानांनी जाळलेले, दुसरे दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी. फ्रान्समधील माँबेलियार आणि जर्मनीतील लुडविग्जबुर्ग ही शहरे 1950 मध्ये, म्हणजे युद्ध संपून जेमतेम पाच वर्षे झालेली असताना एकत्र आली. त्यांच्या सरकारांना मैत्रीच्या एलिझे करारापर्यंत यायला 1963 उजाडले. अमेरिकेतील सेंट पॉल आणि जपानमधील नागासाकी यांनी आपल्या नात्यासाठी 7 डिसेंबर 1955 हा दिवस निवडला, तो पर्ल हार्बरवरील हल्ल्याचा स्मृतिदिन होता. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी नागरिकांनी नागरिकांशी थेट संबंध जोडावेत या विचाराला सरकारी पाठबळ दिले आणि अमेरिकेत भगिनी शहरांची चळवळ उभी राहिली. कालपर्यंत परस्परांचे शत्रू असलेल्या लोकांनी एकत्र बसायचे, तर बोलणी कशापासून सुरू करायची? गाण्यापासून, मुलांच्या चित्रांपासून, बागेपासून सुरुवात करणे त्यातल्या त्यात सोपे होते.

नावाविषयी एक गमतीची गोष्ट येथेच सांगून टाकतो. ब्रिटनमध्ये यांना ‘जुळी शहरे’ म्हणतात आणि जर्मनीत ‘भागीदार शहरे’. 1973 मध्ये जपानमधील कोबे आणि चीनमधील त्यान्जिन यांचे नाते जुळत असताना चीनने ‘बहिणी’ हा शब्द टाळून ‘मैत्री शहरे’ असा शब्द घेतला, कारण चिनी भाषेत बहीण म्हटले की थोरली कोण आणि धाकटी कोण हा प्रश्न आपोआपच उभा राहतो. मराठीतील ‘भगिनी’ या संस्कृत शब्दाने ही अडचण परभारे सोडवली आहे. ‘ताई शहर’ म्हटले असते, तर आपल्याकडेही मानपान सुरू झाले असते.

प्रश्न : एका शहराला किती भगिनी शहरे असू शकतात? (एक विद्यार्थी)

उत्तर : कितीही. पॅरिस आणि रोम यांनी मात्र 1956 पासून परस्परांखेरीज दुसऱ्या कोणालाही हा दर्जा दिलेला नाही. इतर शहरांशी ती दोघे निराळ्या नावांचे करार करतात. आमच्या मते दर वर्षी पाहुणचार झेपेल तेवढीच नाती जोडावीत.

प्रश्न : आमच्या हौशी गायनवृंदाला भगिनी शहरातील महोत्सवाचे निमंत्रण आले आहे. सोबत चार वादकही येणार आहेत. खर्च कोणी करायचा, आणि आधी कोणती तयारी करावी? (गायनवृंदाच्या सचिव)

उत्तर : सर्वत्र लागू होईल असा नियम नाही, तरी रूढ पद्धत अशी आहे की प्रवासखर्च पाहुण्यांनी करावा आणि निवास, भोजन व स्थानिक वाहतूक यजमानांनी सांभाळावी, परतभेटीच्या वेळी भूमिका उलट होतात आणि हिशेब आपोआप फिटतो. पत्रव्यवहारात हे मोघम ठेवू नये. ‘आपली सर्व व्यवस्था केली जाईल’ या वाक्यात विमानाचे तिकीट येते की नाही, यावरून दोन समित्यांमध्ये वर्षभर अबोला राहिलेला आम्ही पाहिला आहे.

वाद्यांची काळजी तिकिटांच्याही आधी करावी. वाद्ये, पोशाख, प्रदर्शनाची सामग्री तात्पुरती परदेशात नेऊन परत आणायची असेल, तर एटीए कार्नेट हा सीमाशुल्काचा दस्तऐवज उपयोगी पडतो. दोन्ही देश त्या व्यवस्थेत असतील, तर वर्षभराच्या मुदतीत आयातशुल्क न भरता वस्तू नेता-आणता येतात. मात्र यादीत लिहिलेली प्रत्येक वस्तू परत आली पाहिजे, त्यामुळे भेट म्हणून द्यायचे वाद्य त्या यादीत घालू नये. दुसरी बाब बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. जुन्या व्हायोलिनच्या गजाच्या टोकाशी नखाएवढा पांढरा तुकडा असतो. तो हस्तिदंताचा असेल, किंवा गिटारची पाठ ब्राझिलियन रोझवुडची असेल, तर ते वाद्य दुर्मीळ प्राणी व वनस्पतींच्या व्यापारावरील ‘साइट्स’ कराराच्या कक्षेत येते. अशा वाद्यांसाठी तीन वर्षांपर्यंत चालणारे स्वतंत्र प्रमाणपत्र मिळते आणि वारंवार प्रवास करणारे वादक ते जवळ बाळगतात. आपल्या चार वादकांना आजच वाद्यांची पेटी उघडून पाहायला सांगावे. विमानतळावर गज जप्त झाल्यावर दुसऱ्याचा गज मागून कोणी चांगले वाजवत नाही.

व्हिसाच्या अर्जासोबत यजमान नगरपालिकेचे निमंत्रणपत्र जोडावे, आणि त्यात प्रत्येक सदस्याचे नाव पारपत्रावर आहे तसेच लिहून घ्यावे. कार्यक्रमाला मानधन असेल, तर पर्यटकाचा व्हिसा चालेलच असे नाही, हेही आधी विचारून ठेवावे.

राहण्याची सोय हॉटेलात की घरी, असा पर्याय दिला जातो. आम्ही निःसंकोचपणे घरच सुचवू, जरी काही सदस्यांना ते अवघड वाटले तरी. सभागृहातील दोन तासांत पाहुणे आणि यजमान समोरासमोर असतात. सकाळी चहाचे भांडे कोठे ठेवले आहे हे खुणांनी विचारताना मात्र ते शेजारी येतात. तथापि ज्यांना औषधांची वेळ, जिने किंवा पाळीव प्राणी यांची अडचण आहे, त्यांची यादी निदान महिनाभर आधी पाठवावी.

प्रश्न : आमच्या शहरातील असे कार्यक्रम म्हणजे पोशाख, एक नृत्य, भाषणे आणि छायाचित्रे. मुलांना त्यातून काही मिळते असे वाटत नाही. खरी देवाणघेवाण कशी घडवावी? (एक शिक्षिका)

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे, आणि तिचे मूळ पाहुण्यांना रंगमंचावर बसवून यजमानांना प्रेक्षक करण्यात आहे. दोघांना एकाच कामाला लावले की चित्र पालटते. आमचे या विषयातील एकच ठाम मत आहे: कार्यक्रमातील निदान एक भाग असा असावा की जो दुसऱ्या शहराच्या माणसांशिवाय पूर्ण होणारच नाही. उदाहरणार्थ, दोन गायनवृंदांनी आपापली गाणी म्हणून खाली उतरण्याऐवजी एक रचना निम्मी-निम्मी बसवावी आणि पहिली एकत्र तालीम कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी शाळेच्या वर्गात करावी. तेथे चुका होतील, कोणीतरी हसेल, ताल कोणाचा धरायचा यावर दोन्ही निर्देशकांचे थोडे बिनसेलही. मुलांच्या आठवणीत तीच तालीम राहते, दुसऱ्या दिवशीचे टाळ्यांचे स्वागत फारसे राहत नाही.

जगात याचे बरे नमुने आहेत. सिअॅटल आणि कोबे या शहरांनी 1957 पासूनच्या नात्याला जॅझ गायनाची जोड दिली आहे: एका शहरात निवड झालेल्या तरुण गायिकेला दुसऱ्या शहरात जाऊन गाण्याची संधी मिळते. यात खर्च एकदोघांचाच, परंतु निवडीच्या निमित्ताने दर वर्षी कितीतरी मुली तयारी करतात. साप्पोरो आणि म्युनिक यांनी 1972 मध्ये, दोघांनीही ऑलिंपिक भरवले त्याच वर्षी, नाते जोडले. त्याला 30 वर्षे झाली तेव्हा, 2002 मध्ये, साप्पोरोच्या ओदोरी उद्यानात म्युनिकच्या धर्तीवर नाताळचा बाजार भरला आणि तो पुढे वार्षिक झाला. बर्मिंगहॅममध्ये फ्रँकफर्टचा बाजार 1997 मध्ये प्रथम भरला. या बाजारांवर व्यापारीपणाचा आक्षेप घेतला जातो आणि तो अगदीच निराधार नाही. गर्दी झाली म्हणजे ओळख झाली असे नव्हे. तरी दर वर्षी त्याच जागी, त्याच सुमारास होणाऱ्या गोष्टीची शहराला सवय लागते, आणि सवय हा अशा नात्यांचा मोठा आधार असतो.

टिकाऊ वस्तूही विचारात घ्याव्यात. सेंट पॉलच्या कोमो उद्यानातील जपानी बाग नागासाकीच्या उद्यानरचनाकाराने आखली आणि 1979 मध्ये ती तयार झाली. 1992 मध्ये सेंट पॉलने नागासाकीच्या शांतता उद्यानाला एक शिल्प दिले. बागेची निगा राखावी लागते, म्हणून पत्रव्यवहारही चालू ठेवावा लागतो. कपाटात ठेवायच्या स्मृतिचिन्हाला ती गरज नसते.

आता भाषणांविषयी, कारण छळ तेथेच असतो. एका स्वागतसमारंभाच्या आखणीत आम्ही स्वतः होतो. चार वक्त्यांना प्रत्येकी दहा मिनिटे दिली आणि प्रत्येक वाक्यानंतर दुभाषी बोलणार, हे कागदावर धरायचेच राहिले. चाळीस मिनिटांचा कार्यक्रम दीड तासावर गेला. रंगमंचामागे पोशाख घालून उभी असलेली मुले जमिनीवर बसली, मग त्यातली दोन झोपली, आणि पाहुण्यांच्या नृत्याला अखेर बारा मिनिटे मिळाली. चूक सर्वस्वी आमची होती. तेव्हापासून आम्ही भाषणाचा वेळ दुप्पट धरतो आणि वक्ते निम्मे करतो. हेडफोनमधून लगोलग भाषांतर ठेवायचे असेल, तर एकाच दुभाष्यावर विसंबू नये. ते काम जोडीने करतात आणि साधारण वीस ते तीस मिनिटांनी पाळी बदलतात. भाषणाची प्रत आदल्या दिवशी त्यांच्या हाती द्यावी, विशेषतः वक्त्याला कविता उद्धृत करण्याची हौस असेल तर.

जपानने या अडचणीवर मुळातून उपाय केला आहे. 1987 पासून चालणाऱ्या ‘जेट’ या सरकारी देवाणघेवाण कार्यक्रमातून तेथील स्थानिक प्रशासनांच्या कार्यालयांत परदेशी समन्वयक नेमले जातात. समोरच्या शहराची भाषा बोलणारा माणूस त्याच टेबलावर बसलेला असतो. असा माणूस नसेल, तर आपल्या शाळेतील परभाषेचे विद्यार्थी हाताशी आहेत. त्यांना व्यासपीठावर बोलायला लावू नका. पाहुण्यांच्या बसमध्ये बसवा.

प्रश्न : दोन देशांचे संबंध बिघडले, तर अशा कार्यक्रमांचे काय होते? आमच्या मैत्री समितीत यावरून सध्या मतभेद आहेत. (समितीचे एक सदस्य)

उत्तर : तडाखा बसतो, आणि तो बहुधा कलाकारांना आधी बसतो. प्राग आणि बीजिंग यांच्या 2016 च्या करारात ‘एक चीन’ धोरणाला, म्हणजे तैवान हा चीनचाच भाग आहे या भूमिकेला, पाठिंबा देणारे कलम होते. प्रागचे नवे महापौर झ्देन्येक ह्रिब यांना ते शहराच्या करारात नको होते. वाद वाढला, प्राग फिलहार्मोनिया या वाद्यवृंदाचा चीन दौरा 2019 मध्ये रद्द झाला आणि त्याच वर्षी करारही संपला. जानेवारी 2020 मध्ये प्रागने तैवानची राजधानी तैपेईशी करार केला, तेव्हा शांघायनेही प्रागशी संबंध तोडले. व्हायोलिन वाजवणाऱ्यांचा त्या कलमाशी काडीचा संबंध नव्हता, त्यांच्या नावात शहराचे नाव होते एवढेच. यावरून धडा सरळ आहे: करारात परराष्ट्रधोरणाचे वाक्य येऊ देऊ नये, मग ते कितीही निरुपद्रवी वाटो.

ओसाकाचे उदाहरण थोडे निराळे आहे. सॅन फ्रान्सिस्कोत 2017 मध्ये युद्धकाळात जपानी सैन्याने लैंगिक गुलामगिरीत ढकललेल्या स्त्रियांचे स्मारक उभे राहिले, ते शहराने अधिकृतपणे स्वीकारले, आणि 2018 मध्ये ओसाकाच्या महापौरांनी 1957 पासूनचे नाते संपवले. सॅन फ्रान्सिस्कोच्या महापौर लंडन ब्रीड यांची भूमिका अशी होती की दोन शहरांच्या लोकांमधील संबंध एका महापौराला एकतर्फी संपवता येत नाही. त्या स्मारकाच्या बाबतीत आमची सहानुभूती त्या स्त्रियांच्या बाजूने आहे, आणि मैत्री टिकवण्यासाठी इतिहासावर पडदा टाकावा असे आम्ही कोणाला सुचवणार नाही. परंतु ब्रीड यांचे म्हणणे खरे ठरावे, यासाठी लोकांमधील संबंध महापौरांच्या कार्यालयाबाहेरही अस्तित्वात असावे लागतात.

आपल्या समितीतील मतभेद नेमके कशावर आहेत हे पत्रावरून कळत नाही, म्हणून बाजू घेत नाही. पुढील बैठकीत मात्र एक साधी चौकशी करावी: समोरच्या शहरातील शिक्षकांचे, वादकांचे आणि ज्यांच्या घरी आपले लोक राहिले त्या कुटुंबांचे पत्ते समितीच्या वहीत आहेत, की ते केवळ दोन्ही नगरपालिकांच्या फायलींमध्ये आहेत? वहीत नसतील, तर करार शाबूत आहे तोवर मागून घ्यावेत.