अ‍ॅलर्जीच्या ड्रॉप्सचं तीन वर्षांचं पॅकेज: एफडी मोडावी का?

प्रश्न: मुलगा ८ वर्षांचा. बारमाही सर्दी, शिंका. टेस्टमध्ये डस्ट माइटची (घरातल्या धुळीतल्या सूक्ष्म किड्यांची) अ‍ॅलर्जी निघाली. दमा नाही. जिभेखाली ठेवायच्या ड्रॉप्सची इम्युनोथेरपी (ज्याचा त्रास होतो त्याचेच छोटे डोस देऊन शरीराला सवय लावणं) ३ वर्षं सांगितली आहे. एकरकमी ९०,००० रुपये, नाहीतर दरवर्षी ३६,०००. ‘आत्ता केलंत तर पुढे दमा होणार नाही,’ असं क्लिनिकमध्ये म्हणाले. १ लाखाची एफडी मोडून एकदम भरू का?

उत्तर: उपचार घ्यावा की नाही, हा डॉक्टरांचा प्रांत. घ्यायचा ठरला, तर एफडीला हात लावू नका. वर्षाचे पैसे वर्षाला भरा.

१८,००० वाचतात हे वरवरचं झालं. पुढच्या दोन हप्त्यांचे पैसे तोवर ७ टक्क्यांनी तुमच्याकडेच वाढले, तर तिन्ही हप्त्यांची आजची किंमत सुमारे १,०१,००० होते. म्हणजे खरी बचत ११,०००, त्यातून एफडी मोडल्याचा दंड वजा. उलट वर्षभरात ड्रॉप्स सुटले, तर जादा भरलेले ५४,००० अडकले. सहापैकी एक मूल पहिल्या वर्षाअखेर थांबलं, तरी हा सौदा जेमतेम बरोबरीत येतो. आणि मुलं थांबतात. औषध रोज घ्यायचं, सुरुवातीला तोंडात खाज येते, फरक कित्येक महिने दिसत नाही, मध्येच परीक्षा, गावची लग्नं. वर्षभर नीट घेऊनही गुण आला नाही, तर डॉक्टरच बंद करायला सांगतात. एकरकमी सूट ही क्लिनिकची सोय आहे, जोखीम सगळी तुमची.

दम्याच्या हमीवर तर एक रुपयाही जास्त मोजू नका. युरोपात परागकणांची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांना ३ वर्षं याच उपचाराची इंजेक्शनं दिली. सुरुवातीला दमा नसलेल्यांपैकी १० वर्षांनी उपचार घेतलेल्या ६४ पैकी १६ जणांना दमा होता, न घेतलेल्या ५३ पैकी २४ जणांना. आकडे आशादायक, पण मुलं थोडी. पुढे गवताच्या परागकणांच्या गोळीची ८१२ मुलांवर चाचणी झाली. त्यात दम्याच्या निदानात ठळक फरक पडला नाही, दम्याची लक्षणं आणि औषधं मात्र कमी झाली. तुमच्या मुलाला अ‍ॅलर्जी आहे डस्ट माइटची, आणि केवळ दमा टाळण्यासाठी त्यावर इम्युनोथेरपी द्या, अशी शिफारस युरोपीय मार्गदर्शक सूचनांत नाही. नाक मोकळं राहील, स्प्रे-गोळ्या कमी लागतील, एवढ्यासाठी ३६,००० पटत असतील तर पुढे जा.

पैसे देण्यापूर्वी बाटलीत नेमकं काय आहे ते लेखी घ्या. टेस्टमध्ये डस्ट माइट आणि बाटलीत दहा अ‍ॅलर्जन्सचं मिश्रण, असं असेल तर प्रत्येकाचा डोस पातळ होतो. दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या. पहिला डोस डॉक्टरांसमोरच. मधेच थांबल्यास न उघडलेल्या बाटल्यांचे पैसे परत मिळतात का, हेही पावतीवर लिहून घ्या.

हा ओपीडीचा खर्च असल्याने नेहमीच्या मेडिक्लेममध्ये सहसा बसत नाही. महिन्याला ३,००० ची रिकरिंग आत्ताच सुरू करा, म्हणजे पुढच्या वर्षीचा हप्ता तयार राहील. फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाचा एकत्र आरोग्य विमा) नसेल तर तो मात्र ड्रॉप्सच्या आधी घ्या. प्रपोजल फॉर्मवर अ‍ॅलर्जी आणि चालू औषधं स्पष्ट लिहा. लपवलंत तर पुढे दम्याचा क्लेम नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळेल. आधीच्या आजारांसाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागतं. तो काळ जितका लवकर सुरू होईल तितकं बरं.