इंजिनिअरिंग, वकिली आणि रॉकेट

प्रश्न : मुलगा सांगलीत मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॅम्पसमधून नोकरी लागली आहे. आता म्हणतो, एलएलबी करून खासगी अवकाश कंपन्यांत जाणार. त्याचे बाबा म्हणतात, 'एक ना धड, भाराभर चिंध्या.' काय करावं?
– एक आई

उत्तर : ताई, नमस्कार.

बाबांची काळजी रास्त आहे, पण ती म्हण इथे लागू पडत नाही.

२८ मार्च २००१. श्रीहरिकोट्याला इस्रोच्या जीएसएलव्ही रॉकेटचं पहिलं उड्डाण होतं. बाजूची इंजिनं पेटली, एकाला पुरता जोर आला नाही, आणि शेवटच्या क्षणी उड्डाण आपोआप थांबलं. तेच यान १८ एप्रिलला उडालं. आता समजा, असंच एखाद्या खासगी कंपनीच्या रॉकेटचं झालं. इंजिन पेटलं, यान जागेवरच. मग 'प्रक्षेपण' झालं की नाही? नुकसान कुणाच्या माथी? विमा जमिनीवरचा लागू की उड्डाणाचा? हे सगळं करारातल्या एका व्याख्येवर ठरतं. ती लिहिणाऱ्याला कायदा तर यावाच लागतो, पण पेटणं आणि सुटणं यांच्यामधल्या त्या काही सेकंदांत काय घडतं हेही कळावं लागतं. तुमच्या मुलाचं इंजिनिअरिंग तिथे कामी येतं.

हे क्षेत्र आपल्याकडे नवं आहे. खासगी कंपन्यांना परवानगी देणारी 'इन-स्पेस' ही संस्था २०२० मध्ये जाहीर झाली. स्कायरूट या खासगी कंपनीचं विक्रम-एस रॉकेट १८ नोव्हेंबर २०२२ ला उडालं, अग्निकुल या दुसऱ्या कंपनीचं ३० मे २०२४ ला. त्यामुळे खरं सांगते, निव्वळ अवकाश कायद्यावर पोट भरेल अशा जागा आज मोजक्याच आहेत. पहिली काही वर्षं पेटंट, पुरवठ्याचे करार, विमा, दूरसंचार परवाने अशा कामांवर काढायची तयारी हवी.

पेटंटचं त्याला आवर्जून सांगा. पेटंट एजंट म्हणजे इतरांच्या शोधांसाठी पेटंटचे अर्ज करणारा. त्याच्या परीक्षेला विज्ञान, इंजिनिअरिंग किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते. नुसत्या एलएलबीवर बसता येत नाही. तुमच्या मुलाला मात्र बीईवर बसता येईल, एलएलबीची वाट न बघता.

म्हणून माझं मत असं : हातातली नोकरी घ्यावी, दोनेक वर्षं कारखान्यात मन लावून काम करावं आणि त्यातच ही परीक्षा द्यावी. मग सीईटी देऊन तीन वर्षांचं एलएलबी, तेही रोज वर्गात बसून. 'हजेरीचं आम्ही बघतो' म्हणणाऱ्या कॉलेजच्या वाटेला जाऊ नये. ती तीन वर्षं पगार नसेल. घरातून किती झेपेल हे आत्ताच मोकळेपणानं बोलून घ्या.

आणि या रविवारी एक करा. १९७२ चा अवकाशातल्या नुकसानभरपाईचा आंतरराष्ट्रीय करार आहे, मोजक्या पानांचा. त्यातलं दुसरं आणि तिसरं कलम मुलानं बाबांना मराठीत समजावून सांगावं. रॉकेटचा तुकडा दुसऱ्या देशात कुणाच्या घरावर पडला तर प्रक्षेपण करणारा देश चूक असो-नसो भरपाई देतो, रॉकेट खासगी असलं तरी. पण वर दोन उपग्रह धडकले, जसे २००९ मध्ये इरिडियम या अमेरिकी कंपनीचा आणि रशियाचा धडकले, तर चूक दाखवावी लागते. असा फरक का केला असेल, हे बाबांनी त्याला खोदून खोदून विचारावं. तासाभरानंतरही तो उत्साहानं बोलत असेल, तर दोघांना घेऊन माझ्याकडे या.